करंड्यातली अळी

घाटावर

प्रवासाला निघताना आमच्या रत्नागिरीकडची माणसं फणसपोळी नेतात, कोकमं नेतात, फारच जवळच्यांकडे जायचं असेल तर सुके बांगडेही नेतात. मी बांगडे सोडून बाकी सगळं नेलं, कारण नवरात्र होतं, आणि शिवाय एक मेलेली अळी नेली. रव्याच्या कणाएवढी. मेणाच्या छोट्या वडीत पुरलेली, आणि ती वडी आईच्या जुन्या पितळी कुंकवाच्या करंड्यात, कापसावर ठेवलेली. त्या करंड्याचं झाकण फिरकीचं होतं आणि घट्ट बसायचं. माझ्या प्रयोगशाळेत इतकी भरवशाची दुसरी डबी नव्हती.

या अळीची ओळख करून देते, नाहीतर मी एसटीत मांडीवर करंडा घेऊन का बसले होते ते कळायचं नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या खडकांच्या भोकांत एक किडा राहतो. अंग आखडून बसला की हुबेहूब भुईमुगाची शेंग, म्हणून त्याला आपण शेंगकिडा म्हणू. त्याचं पिल्लू आधी समुद्राच्या पाण्यात तरंगत असतं, तीच ही अळी. आता गांडूळ आणि त्याची समुद्रातली भावंडं यांच्या अंगावर वळी असतात आणि पोटाच्या बाजूने मज्जातंतूचे दोन धागे जोडीने जातात. शेंगकिड्याला वळी नाहीत आणि धागाही एकच. मग हा गांडुळाच्या गोतावळ्यातला की उपरा? अळीत दोन धागे सापडले आणि ते पुढे एक होताना दिसले, तर म्हणता येईल की याच्या पूर्वजांची खूण पिल्लात अजून शिल्लक आहे. पाच वर्षं मी या एका प्रश्नाला चिकटून होते.

रव्याच्या कणात डोकावायचं कसं? तर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ काप काढायचे, एकही न गमावता, एकही मागेपुढे न करता. मग एकेक काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून दोनशेपट मोठा चितारायचा आणि ती चित्रं एकावर एक रचून अळी पुन्हा उभी करायची, म्हणजे लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही दिसतात. परदेशात लेसरच्या उजेडाने, न कापताच हे करणारी यंत्रं आली आहेत असं वाचत होते. आमच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकाचा आरसा फुटला तर नवा यायला एक पावसाळा जायचा.

योग्य वयाच्या तीन अळ्या हाती लागल्या होत्या. पहिलीचा मी स्वतः चुरा केला. दुसरीचे काप पाण्यावर तरंगवताना असे विस्कटले की कुठला कुठला ते देवालाच ठाऊक. ही तिसरी. माझे मार्गदर्शक सर सरळ म्हणाले होते की ही गेली तर विषय बदला. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट, पण ते वाक्य आजही कानात आहे.

इस्लामपूर

इस्लामपुरात माझी कॉलेजातली मैत्रीण वसुधा दिलेली आहे. तिथल्याच एका कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवते आणि घरी उसाची शेती आहे. गावात शिरताना दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, कारखान्याची धुराडी अजून गार. गळीत हंगाम सुरू व्हायचा होता. तिच्या सासूबाईंनी मला अख्खा मसूर आणि ज्वारीची भाकरी वाढली. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तर त्या वसुधाला म्हणाल्या की कोकणातल्या दिसत्यात, गूळ दे बाईंना. मी मोडेन पण वाकणार नाही अशी, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि रात्रभर पाणी प्यायले.

मला या प्रवासाला पाठवणारी वसुधाच. तिच्या कॉलेजात गणपतराव नावाचे प्रयोगशाळा मदतनीस होते. त्याआधी ते लष्करी रुग्णालयात होते, जवानांच्या अंगातून काढलेल्या गाठींचे काप काढायला. त्यांच्यासारखी मेणाची सलग फीत निघालेली आपण दुसरीकडे पाहिली नाही, असं वसुधा शपथेवर सांगायची. निवृत्त होताना कॉलेजने मोडीत काढलेलं काप काढायचं यंत्र ते मागून रहिमतपूरला आपल्या घरी घेऊन गेले होते. मी त्यांना पत्र लिहिलं, आणि त्यांचं कार्डावर उत्तर आलं, तीनच शब्दांचं: घेऊन या. कापू.

रहिमतपूर, खंडेनवमी

कऱ्हाडला एसटी बदलून रहिमतपूरला पोचले ती अष्टमीची संध्याकाळ. गावाच्या कडेला पत्र्याच्या पडवीचं घर, मागे भुईमुगाचं रान, शेंगा काढून वेल वाळत टाकलेले. गणपतराव, म्हणजे सगळ्यांचे आबा, उंच आणि ताठ. त्यांच्या पत्नी हौसाकाकू ठेंगण्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मुलं दोघंही फौजेत, धाकटा जम्मूकडे. शेंगकिड्याचं नाव ऐकून आबा इतके हसले की काकू चूल सोडून बाहेर आल्या. त्या रात्री शेंगांच्या चटणीबरोबर भाकरी खाताना दर घासाला मला त्या किड्याची आठवण करून देण्यात आली.

यंत्र आतल्या खोलीत चादरीखाली होतं. काळं, जड, तेलपाणी केलेलं. त्याची सुरी आबांनी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून ठेवली होती आणि मनगटावरचा केस उडवून दाखवली. मी करंडा यंत्राशेजारच्या फळीवर ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले.

सकाळी अंघोळ करून आले तर माजघरात पाट मांडला होता. त्यावर नांगराचा फाळ, कोयता, खुरपी, काकूंची विळी, आबांची दाढीची पेटी आणि मधोमध यंत्राची सुरी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. आणि पाटासमोर बसलेल्या काकूंच्या डाव्या हातात माझा उघडा करंडा, उजव्या हाताचं बोट माझ्या मेणाच्या वडीवर.

ज्यांच्या घरात जुन्या बायका होत्या त्यांना सांगायला नको, पण नव्यांसाठी सांगते. पिंजर, म्हणजे कुंकवाची पूड, कोरडी असते. ती कपाळावर टिकावी म्हणून आधी बोटाने मेण लावायचं आणि मग कुंकू. त्यामुळे करंडा आणि आत मेण, यात काकूंना काहीच वावगं दिसलं नाही. त्यांचं मेण संपत आलं होतं आणि पाहुणीचं एवढं पांढरंशुभ्र मेण समोर होतं. ते कपाळाला लागेना म्हणून त्यांनी नखाने जरा जोरात खरवडलं, इतकंच.

मी ओरडले. काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढं आठवतं की न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची ही कुठली रीत, असं म्हणाले, आणि ते त्या बाईला म्हणाले, जिने आदल्या रात्री आपली वाकळ मला पांघरायला दिली होती. काकूंनी करंडा हळूच पाटावर ठेवला. त्यांच्या नखात मेण होतं, ते कुठे पुसावं हे त्यांना कळेना.

आबांनी वडी उजेडात धरून भिंगातून पाहिली. मेणात बुडवण्याआधी मी अळीला गुलाबी रंग दिला होता, म्हणून तो ठिपका दिसत होता. पण नखाची खाच त्याच्या अगदी शेजारून गेली होती. अळीला धक्का लागला की नाही हे कापल्याशिवाय कळणार नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मग आत्ताच कापू. त्यांनी पाटाकडे बोट दाखवलं. आज खंडेनवमी. पूजेला बसलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही.

आमच्याकडेही दसऱ्याला होडीची, गाडीची पूजा होते. पण नारळ फुटला की तासाभरात होडी पाण्यात आणि गाडी रस्त्यावर असते. इथे हत्यार दिवसभर बसतं म्हणजे बसतंच. विळीसुद्धा बसलेली, म्हणून घरात काही चिरायचं नाही, दुपारी पिठलं आणि भाकरी. मी नास्तिक आहे असं कॉलेजात छातीठोक सांगते, पण दुसऱ्याच्या घरातल्या हळद लागलेल्या सुरीला हात घालायची छाती काही झाली नाही. जीव टांगणीला लागला होता. पडवीत बसून मी भुईमुगाच्या रानातले बगळे मोजले.

आणि त्या रिकाम्या दिवसातच मला आबांचा हात दिसला. चहाची बशी घेऊन ते समोर बसले तेव्हा ती किणकिणत होती. बशी खाली ठेवल्यावर उजवा हात मांडीवर पडला आणि तसाच हलत राहिला, अंगठा बोटावर घासत. मी दुसरीकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. दिवसभर तेच. मला वसुधाचा राग आला, त्या तीन शब्दांच्या कार्डाचा आला आणि सगळ्यात जास्त माझा आला. हा हात माझी शेवटची अळी कापणार होता.

संध्याकाळी मी खोटं बोलले. म्हटलं, आबा, वडीला खाच पडली आहे तर आधी सरांना दाखवून येते, उद्या सकाळच्या गाडीने निघते. आबांनी उजवा हात उचलून माझ्यासमोर धरला.

"बाई, माजा हात बघितला न्हवं तुमी?"

मी होकारार्थी मान हलवली.

"दोन वर्सं झाली. डागदर म्हनला वाढत जाईल. पर तुमी माजा रिकामा हात बघितलाय. कामावरचा बघा, मग जावा. तुमची अळी मी मागत न्हाई. नुसतं मेन कापून दावतो."

तोंडात मारल्यासारखं झालं. मी थांबते म्हटलं, पण खरं सांगायचं तर विश्वासाने नव्हे, लाजेने.

रहिमतपूर, दसरा

सकाळी घट उठले. काकूंनी घटात उगवलेलं पिवळं कोवळं धान आबांच्या टोपीत खोवलं. मग आबांनी पाटावरून सुरी उचलली, तिची हळद मऊ फडक्याने पुसली, पट्ट्यावर दहा-बारा वेळा फिरवली आणि यंत्रात बसवली. सात वाजले असतील. ऊन चढलं की मेण मऊ पडतं, त्यामुळे हे काम सकाळचंच.

आधी त्यांनी कोरी वडी लावली. हात मांडीवर होता तोवर थरथरत होता. त्यांनी तो यंत्राच्या दांड्यावर ठेवला आणि दांडा ओढला, आणि थरथर थांबली. कमी झाली असं म्हणत नाही, थांबली. दांडा पुढे, मागे, पुढे, मागे, एका लयीत, आणि सुरीच्या धारेवरून मेणाची फीत उतरू लागली, काप कापाला चिकटलेला, सरळ, एकसारखी. वीतभर फीत झाल्यावर त्यांनी हात काढून घेतला. मांडीवर येताच तो पुन्हा हलू लागला.

मी करंडा उघडला आणि वडी त्यांच्या हातात दिली.

वडी लावून झाल्यावर आबा म्हणाले की एक अडचण आहे. दांडा त्यांना जमेल, पण उतरणारी फीत ब्रशच्या टोकावर झेलून काळ्या कागदावर क्रमाने ठेवायला दुसरा हात लागेल. त्या कामात हात हवेत अधांतरी धरावा लागतो, ते आता त्यांच्याच्याने होत नाही. माझ्याच्याने तर कधीच झालं नव्हतं. दोन अळ्या मी तिथेच घालवल्या होत्या. आबा दाराकडे बघत होते. दारात काकू उभ्या होत्या, उंबऱ्याच्या पलीकडे.

वसुधा सांगायची ते मला आठवलं, की या भागातल्या बायका हाताने शेवया ओढतात, केसाएवढ्या बारीक, हातभर लांब, आणि तुटू देत नाहीत. मी काकूंना विचारलं की तुम्ही शेवया करता का. आबाच म्हणाले की हिच्या शेवयांना पाच गावांतून बोलावणं येतं. मग मी ब्रश काकूंच्या पुढे धरला. त्यांनी हात मागे घेतला.

"नगं बाई. माज्या हातनं परत काय झालं तर?"

"काकू, काल मी चुकले. माझ्या हाताने दोन गेल्या आहेत. तुम्ही घ्या."

त्यांनी आधी हात धुतले, पदर कमरेला खोचला, बांगड्या मागे सारल्या. पहिली फीत उतरली ती त्यांनी ब्रशवर अशी घेतली की जणू ती त्यांनीच ओढली होती. ओढायची नाही, ती येईल तशी जायचं, एवढं आबांनी एकदाच सांगितलं. नंतर तासभर दांडा चालत राहिला. श्वासाने फीत उडते म्हणून काकूंनी पदर नाकावर धरला होता. मी फिती मोजून कागदावर आकडे टाकत होते. मेणाच्या पांढऱ्या चौकोनांत गुलाबी ठिपका आला, मोठा होत गेला, पुन्हा लहान होत गेला आणि संपला. अठ्ठावन्न काप. नखाची खाच प्रत्येक चौकोनाच्या कडेला दिसत होती, ठिपक्यापासून सुताएवढं अंतर राखून. एकाही कापात ती ठिपक्याला शिवली नव्हती.

काकूंनी ब्रश ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. मग आम्ही फिती काचपट्ट्यांवर बसवल्या. त्या चिकटवायला मी जी बाटली आणली होती तिच्यात कोंबडीच्या अंड्याचा पांढरा बलक होता. नवरात्रात त्या घरात अंडं चढत नाही. घट उठले होते हे खरं, पण बाटली तर अष्टमीपासून देवघराला लागूनच होती, आणि काकूंना हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.

दुपारी पुरणपोळी, कटाची आमटी. इथे पोळीवर दूध घेतात, आमच्यासारखं नारळाचं नाही, आणि तेच बरं लागतं हे मी आईच्या देखत म्हणणार नाही. जेवल्यावर आबांनी विचारलं की आता या काचपट्ट्यांचं काय करणार. मी सांगितलं. ते म्हणाले की कापाचं पुढे काय होतं हे त्यांना कधी कळलंच नाही. लष्करात हजारो काप काढले. काचपट्टी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची आणि बाहेर यायचं. कुठल्या पोराची गाठ साधी निघाली, कोण घरी गेला, कोण नाही, ते विचारायची सोय नव्हती. कॉलेजातही तेच. पोरं बघायची, हे कापायचे.

पुन्हा रहिमतपूर

रत्नागिरीला परतल्यावर दोन महिने मी घरात नव्हतेच म्हटलं तरी चालेल. काप रंगवले, सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा कागदावर पाडणाऱ्या आरशाच्या साधनाने एकेक चित्र उतरवलं. बाजारपेठेतल्या एका जुन्या फोटोग्राफरकडे टाकून द्यायच्या काचेच्या निगेटिव्हज होत्या, त्या सोड्याने धुऊन घेतल्या. त्यांची जाडी मला हवी तेवढीच होती, म्हणजे कापाच्या जाडीच्या दोनशेपट. प्रत्येक काचेवर एक काप, कातडी काळ्या शाईने, आतडं पिवळ्याने, मज्जातंतू लाल. सुट्या काचेवर लाल ठिपके नुसतेच ठिपके होते. अठ्ठावन्नावी काच ठेवून चळत उजेडासमोर धरली तेव्हा आत अळी होती, पेरूएवढी, आणि तिच्या पोटाशी दोन लाल धागे, तोंडामागून निघालेले, शेपटीकडे जवळ येत येत एक झालेले. सर बराच वेळ चष्मा काढून पुसत राहिले. एका अळीवरून काही सिद्ध होत नाही, पुढच्या हंगामात आणखी हव्यात, असं ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. विषय बदलायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

नाताळच्या सुट्टीत मी काचांची चळत वाकळीत गुंडाळून, मांडीवर घेऊन रहिमतपूर गाठलं. गाडीत एकानेही विचारलं नाही की आत काय आहे, लहान मूल समजून जागा मात्र दिली.

आबा पडवीत उन्हाला बसले होते. दोन महिन्यांत डावा हातही हलायला लागला होता. मी चळत पडवीच्या कठड्यावर, उन्हाच्या बाजूला ठेवली आणि वाकळ काढली. त्यांनी आधी वरून पाहिलं, मग उकिडवं बसून बाजूने, मग उठून मागच्या अंगाने. मी धागे दाखवले. हे इथे दोन, हे इथे एक. त्यांनी विचारलं की यातला आपला पहिला काप कुठला. मी सगळ्यात खालच्या काचेवर बोट ठेवलं. मग शेवटचा विचारला. तिथून इथवर त्यांनी काचांच्या कडा मोजल्या, तोंडातल्या तोंडात, हिंदीत, फौजेत मोजत तशा, आणि अठ्ठावन्न भरल्यावर थांबले. तोवर काकूही येऊन त्यांच्या खांद्याशी वाकल्या होत्या. ती पोटातली लाल दोरी कसली, असं त्यांनी विचारलं, पण आबांचं लक्ष नव्हतं.

"हौसा," ते म्हणाले, "जलमभर नुसतं कापलं गं. जोडल्यालं आज बघितलं."

काकूंनी डोळ्याला पदर लावला. मला रडू येत होतं, ते मी येऊ दिलं.